पहिला पसंतीक्रम लागला, अभिनंदन!

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या पुरवणीत इंजिनिअरिंग प्रवेशाचा तक्ता छापलात. अमुक पर्सेंटाइल असेल तर तमुक कॉलेज मिळेल. तक्ता सुबक आहे, रंगीत आहे. पुण्याच्या सीओईपीसमोर एक आकडा, मुंबईच्या व्हीजेटीआयसमोर एक आकडा, आणि खाली उरलेल्या कॉलेजांसमोरही एकेकच. कोणत्या शाखेचा? कोणत्या फेरीचा? मुलींचा की सर्वांचा? खुल्या गटाचा, ओबीसीचा, ईडब्ल्यूएसचा, की टीएफडब्ल्यूएसचा, म्हणजे शिक्षण शुल्क माफीच्या जागांचा? प्रवेश परीक्षा घेणाऱ्या राज्याच्या सीईटी सेलच्या यादीत एकेका शाखेखाली असे कितीतरी रकाने असतात. तुम्ही सगळ्याचं पिठलं करून एकाच ताटात वाढलंत.

शिवाय आकडे पर्सेंटाइलचे. २०२४ ला सीईटीच्या पीसीएम (भौतिक, रसायन, गणित) गटात तीन लाखांच्या आसपास मुलं परीक्षेला बसली, २०२५ ला चार लाखांच्या वर. ९८ पर्सेंटाइल म्हणजे शंभरात साधारण दोघे पुढे. अशा मुलापुढे आधीच्या वर्षी सहा हजार जण होते, पुढच्या वर्षी आठ हजारांहून जास्त. सीओईपीचे वर्ग काही त्या हिशेबाने वाढले नाहीत. तक्त्यात मेरिट क्रमांकाचा एक रकाना घातला असता तर काही अर्थ होता. पण मग 'शक्यता ७५ टक्के', 'शक्यता ४० टक्के' हे गोल काढायला जागा कुठून राहिली असती? आणि ही ७५ टक्के शक्यता म्हणजे नेमकं काय हो? चारातल्या तीन वेळा प्रवेश? मूल तर एकदाच अर्ज भरतं.

मी एवढा का चिडलो ते सांगतो. गेल्या वर्षी माझ्या भाचीचा अर्ज भरायचा होता, म्हणजे हवी ती कॉलेजं पसंतीच्या क्रमाने लिहून द्यायची होती. तिचे वडील एसटीत, ड्युटी रत्नागिरी मार्गावर, म्हणून मामा बरोबर गेला. इथल्याच एका समुपदेशकांकडे. फी साडेसात हजार, आधी. गृहस्थांनी तिचा स्कोअर संगणकात घातला, तीन पानांची यादी काढली आणि हायलायटर घेऊन बसले. हिरवं म्हणजे पक्कं, पिवळं म्हणजे बघू, लाल म्हणजे स्वप्न. पोरीला हवं होतं ते सरकारी कॉलेज लाल. तिने भीत भीत विचारलं, "सर, वरती टाकून ठेवू का?" त्यावर ते हसले. म्हणाले, "ताई, वरच्या जागा अशा वाया घालवायच्या नसतात." आणि पेनाने चार लाल नावांवर काट मारली. पट्टी लावून मारली, इतकी सरळ. पहिल्या क्रमांकावर हिरवं आलं, पुण्याबाहेरचं एक खासगी कॉलेज. मी शेजारी बसून मान डोलावत होतो. बँकेत छत्तीस वर्षं लोकांचे अर्ज तपासले, पण तिथे माझी वाचा बसली.

पहिल्या फेरीत अर्थातच पहिला पसंतीक्रम लागला. गृहस्थांचा मेसेज आला, अभिनंदन, पेढे कधी? आम्ही नेऊनही दिले, अर्धा किलो.

नियम नंतर वाचला, तोही मी, रात्री चष्मा पुसून. पहिल्या फेरीत पहिलाच पसंतीक्रम मिळाला की तो आपोआप गोठतो. जागा घ्या, नाहीतर सोडा. पुढच्या फेऱ्यांत तुम्ही नाही. २०२५ ला एकूण चार फेऱ्या झाल्या. आमच्या पोरीच्या तीन गेल्या. तिच्या वर्गातली एक मुलगी मेरिटमध्ये हिच्या मागे होती, गट तोच. तिने लाल नावं वर ठेवली होती, कारण तिला सल्ला द्यायला कोणी नव्हतं. तिला तिसऱ्या फेरीत तेच सरकारी कॉलेज मिळालं.

वर टाकलं म्हणून काही जात नाही, संपादक महाशय. संगणक मेरिटच्या क्रमाने येतो, तुमचा पहिला पर्याय बघतो, नसला तर दुसरा, नसला तर तिसरा. हिरवं कॉलेज पाचवं लिहिलं असतं तरी ते तिचंच होतं. हे वाक्य तुमच्या अर्ध्या पानात कुठेही नाही. मी दोनदा पाहिलं.

पण त्या गृहस्थांचा अंदाज मात्र शंभर टक्के बरोबर निघाला ना! निघणारच. जे लागणार नाही ते यादीतून काढायचं, जे लागणारच ते वर ठेवायचं, मग लागलं की फ्लेक्स लावायचा. लावला आहे. 'आमच्या ९४ टक्के विद्यार्थ्यांना पहिला पसंतीक्रम'. त्यावर आमच्या भाचीचाही फोटो आहे, आडनाव चुकीचं. गणेशोत्सवापासून तो पोवई नाक्याकडे जाताना दिसतो आणि ती मान खाली घालून जाते.

तुमच्या तक्त्याचं पान उलटलं तर मागे पूर्ण पान जाहिरात, अशाच एका सल्ला केंद्राची. त्याच्या पुढच्या पानावर आणखी एक. योगायोग असेल. त्या जाहिरातींपायी रविवारचं शब्दकोडं हलवलंत ते कुठे गेलं, हेही कळवावं. गेल्या आठवड्याचं उत्तर अजून छापलेलं नाही आणि आमच्या सौ.चं उभं अकरा अडून राहिलं आहे.

भाची तिथेच शिकते आहे. चांगले मार्क पडतात, तक्रार करत नाही. मला मात्र यंदा शेजारच्या दोन मुलांचे अर्ज बघायचे आहेत आणि त्यांच्या वडिलांनी काल तुमचा तक्ता कापून फ्रीजवर लावला आहे. तेवढ्यासाठी तरी पुढच्या अंकात दुरुस्ती छापावी. अर्ध्या पानाची नको, चार ओळी पुरेत.

आपला नियमित वाचक (अजून तरी),
एक मामा, सातारा

ता. क. : नाव छापू नये. फ्लेक्सवाले गृहस्थ आमच्याच पेठेत राहतात आणि सकाळी फिरायला आम्ही बरोबर असतो.