सहा पाय म्हणजे कीटकच असे नव्हे

संपादक महोदय,

आपल्या बागकामाच्या सदरात कुंडीतल्या स्प्रिंगटेलना ‘मातीतली कीड’ ठरवून औषध फवारायला सांगितले आहे. आयुष्यभर जीवशास्त्र शिकवल्याने गप्प बसवत नाही.

पाणी घातल्यावर मातीवरून टुणकन उडणारे पांढरे ठिपके ते हेच. पाय सहा, पण पंख नाहीत. पोटाखाली दुमडून अडकवलेला काटा सुटला, की स्वारी हवेत! मुखांगे डोक्याच्या आत दडलेली आणि पोटाचे खंड सहाच, म्हणून हल्ली त्यांना कीटकांपासून वेगळे धरतात. स्कॉटलंडमधील रायनीच्या खडकांत त्यांचा सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीचा जीवाश्म सापडला आहे. खातात बुरशी आणि कुजका पाचोळा. कुंडीतल्या निरोगी झाडाला सहसा धक्का लावत नाहीत. उलट पुस्तकांतली कसर बिनपंखी असूनही खरा कीटक. आणि इटालियन कीटकशास्त्रज्ञ सिल्व्हेस्ट्री यांनी १९०७ मध्ये वर्णिलेले प्रोटुरा, मातीतलेच इवलेसे सहापायी जीव? डोळे नाहीत, मिशा नाहीत. पुढचे पायच मिशांसारखे उचलून चालतात. (यांच्यावर सदर कधी लिहिणार?)

स्प्रिंगटेल फारच वाढले तर माती थोडी सुकू द्यावी, एवढे पुरे. दुरुस्ती त्याच सदरात छापावी, कोपऱ्यात नको.

— एक निवृत्त शिक्षिका