रात्रपाळीच्या परिचारिकाताईंचे आभार

मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीवरील गाठ दृष्टीच्या मज्जातंतूंवर दाब देत असल्याने माझ्या आईला दोन्ही बाजूंचे दिसेनासे झाले होते. शल्यचिकित्सकांनी कवटी न उघडता, नाकावाटे दुर्बीण घालून ती गाठ काढली. तिसऱ्या रात्री आई पुढे वाकताच नाकातून पाण्यासारखा द्रव टपकला आणि मी सर्दी समजून रुमाल पुढे केला. ताई, आपण मात्र तिला नाक शिंकरू न देता निजवलेत, ते थेंब तपासणीसाठी बाटलीत धरलेत आणि डॉक्टरांना बोलावलेत. तो मेंदूभोवतीचाच द्रव होता; मेंदूज्वर होण्यापूर्वी गळती बंद करता आली. डॉक्टर येईपर्यंत घाबरलेल्या आईच्या कपाळावर आपण हात ठेवून उभ्या होतात, तो हात ती अजून आठवते. आपले नाव विचारायचे राहिले. आम्हा दोघांकडून मनःपूर्वक आभार.