नाताळला अख्खी शाळा, ईस्टरला फक्त सुट्टी

संपादक महोदय,

तुमच्या पेपरात सोमवारी शहर पानावर ईस्टरचा फोटो आला, रंगवलेली अंडी, बास्केट, कागदी ससा आणि खाली दोन ओळी की ख्रिस्ती बांधवांनी ईस्टर उत्साहात साजरा केला. फोटो छान होता, त्याबद्दल तक्रार नाही. पण मी नगरमधल्या (आता अहिल्यानगर म्हणायचं) एका जुन्या मिशन शाळेत गणित शिकवतो, मराठी मीडियम, आणि आमच्या पोरांनी जन्मात कधी ईस्टरचं अंडं रंगवलेलं नाही. ईस्टर हा येशू मरणातून उठला, परत जिवंत झाला, त्याचा सण, आणि आमच्याकडे तो म्हणजे पहाटे चारला उठून आंघोळ, धुवट पांढरे कपडे, ढोलकी-हार्मोनियम घेऊन गल्लीतून प्रभातफेरी, मग कब्रस्तानात जाऊन आपापल्या माणसांच्या कबरीवर मेणबत्ती आणि फुलं, आणि उजाडता उजाडता चर्चमध्ये उपासना. रस्त्यात भेटेल तो म्हणतो प्रभू उठला आहे, आपण म्हणायचं खरोखर उठला आहे. त्यानंतर घरी मटण. असो, अंड्यांवर मला लिहायचंच नाहीये, मला शाळेवर लिहायचंय.

आमच्यासारख्या शाळांमध्ये नाताळ एकदम जोरात असतो. गव्हाणी, स्टार, सांताक्लॉज, गॅदरिंग, पाहुणे, केक, सगळं. वर्गात ख्रिस्ती पोरं मोजकीच, बाकी सगळ्या जातीधर्माची, पण नाटकात मेंढपाळ व्हायला सगळ्यांची मारामारी. आणि ईस्टरला काय? आधीच्या शुक्रवारी, म्हणजे येशूच्या मरणाच्या दिवशी, गुड फ्रायडेची सुट्टी, रविवारी सुट्टी असतेच, सोमवारी पोरं परत वर्गात, विषय संपला. नाताळ सोपा आहे हो, बाळ जन्मलं की कुणालाही आनंद होतो. ईस्टर समजवायला एका निरपराध माणसाला मारहाण करून सगळ्यांसमोर क्रुसावर खिळून मारलं तिथून सुरुवात करावी लागते, ते परिपाठात लहान पोरांपुढे कसं बोलायचं म्हणून सगळे सर-मॅडम टाळतात. माझं म्हणणं असं की शाळेला या दोन्हीपैकी जास्त उपयोगाचा सण ईस्टरच आहे आणि तोच आपण सुट्टीत घालवतो.

कारण बघा तो येतो कधी. मार्च-एप्रिल, म्हणजे पेपर, निकाल, कोण पास कोण मागे, कुणाचे आईबाप शाळेत येऊन सगळ्यांसमोर पोराला झापतायत. या दिवसांत पेत्राची गोष्ट सांगून बघा. पेत्र हा येशूचा सगळ्यात मोठ्या आवाजात बोलणारा शिष्य, सगळे सोडून गेले तरी मी तुम्हाला सोडणार नाही म्हणणारा. त्याच रात्री येशूला पकडून नेल्यावर प्रमुख याजकाच्या वाड्यात कोळशाच्या शेकोटीपाशी उभा असताना लोकांनी विचारलं, तू त्याच्याबरोबरचा ना, तर तीनदा नाही म्हणाला आणि कोंबडा आरवला. म्हणजे तोंडी परीक्षेत साफ नापास, तेही तीनही प्रश्नांना. आता ईस्टरनंतरचा भाग, जो कुणी सांगतच नाही. बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाच्या २१व्या अध्यायात सकाळी तळ्याच्या काठी परत कोळशाचा विस्तव आहे, त्यावर मासे भाजतायत, भाकर आहे, आणि येशू आधी म्हणतो या, न्याहारी करा. खाऊन झाल्यावर पेत्राला तीनदा विचारतो, माझ्यावर प्रेम करतोस का. ‘तू असं का वागलास’ हे एकदाही विचारत नाही, आणि तिन्ही वेळा उत्तर ऐकून काम त्याच्याच हातात देतो, माझी मेंढरं सांभाळ. हेडमास्तरांच्या केबिनबाहेर उभं राहिलेल्या पोराला यापेक्षा जास्त काय सांगायचं असतं आपल्याला?

यंदा गुड फ्रायडेच्या आधी परिपाठात मी हे सांगितलं, पाचच मिनिटं. नंतर जिन्यात नववीचा एक पोरगा (ख्रिस्ती नाही, बापाचं गॅरेज आहे) मागून आला आणि म्हणाला सर, मग यहूदा (येशूला पकडून देणारा शिष्य, ज्याने पस्तावून जीव दिला) जर थांबला असता तर त्यालाही न्याहारी मिळाली असती का. मला तिथं उत्तर देता आलं नाही, पाळकांना विचारलं तर ते पण जरा वेळ गप्प बसले. हा प्रश्न त्या पोराला सांताक्लॉज बघून पडला असता का सांगा.

बायकांचा भाग पण तसाच राहतो. रविवारी येशूच्या थडग्यापाशी पहिल्यांदा गेल्या त्या बायका, उठला हे पहिल्यांदा कळलं ते बायकांना, मग्दालिया मरीयेला तर तो आधी माळीच वाटला. आणि त्यांनी येऊन सांगितलं तर बाप्या शिष्यांना ती बडबड वाटली, विश्वास बसला नाही, दुसरं एक शुभवर्तमान लिहिणाऱ्या लूकने हे काही न लपवता लिहिलंय. सातवीच्या मुलींना हे सांगा आणि त्यांचे चेहरे बघा, आमच्या घरी पण असंच आहे सर असं लगेच ऐकू येतं. ज्या गावात अमेरिकन मिशनरी सिंथिया फरार बाईंच्या शाळेत सावित्रीबाईंनी शिक्षिकेचं ट्रेनिंग घेतलं त्या गावात ही गोष्ट मुलींच्या कानावर पडू नये हे जरा विचित्रच.

गणितवाला म्हणून माझा स्वार्थ वेगळा. ईस्टरची तारीख दरवर्षी का बदलते हे पोरं विचारतात. तर २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार, एवढा साधा नियम, म्हणून तो २२ मार्च ते २५ एप्रिल यामध्येच कुठेतरी येतो. आपल्या पोरांना हे पटकन कळतं, कारण घरात पौर्णिमा दाखवणारं कॅलेंडर भिंतीवर असतंच, कधी होळीची पौर्णिमा तर कधी हनुमान जयंतीची. २०२४ला होळी झाली आणि त्याच आठवड्यात ३१ मार्चला ईस्टर, २०२६ला हनुमान जयंती २ एप्रिलला गुरुवारी आणि ईस्टर ५ एप्रिलला. मोठ्या वर्गाला मग गॉस या जर्मन गणितज्ञाची रीत देतो, वर्षाला १९ने, ४ने आणि ७ने भागून बाकी काढायची आणि त्यावरून तारीख, भागाकाराला कंटाळणारी पोरं पण त्या दिवशी वहीत पुढच्या दहा वर्षांचे ईस्टर काढत बसतात. आणि तळ्याकाठच्या त्या न्याहारीच्या वेळी शिष्यांच्या जाळ्यात मासे किती सापडले ते बायबलमध्ये मोजून दिलंय, १५३. १, ५ आणि ३ यांचे घन करून बेरीज करा, परत १५३च येतात. यात धर्म काही नाही, पण पोरांना जाम मजा येते.

आता कुणी म्हणेल मिशन शाळेत हे सांगायला लागलात म्हणजे धर्मप्रचार. ही भीती शाळांनाच जास्त आहे, म्हणून हेडमास्तर म्हणतात नको, कुणीतरी व्हिडिओ काढेल. मी म्हणतो काढू दे. घटनेचं कलम २८ सरळ आहे, सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत कुणालाही संमतीशिवाय, आणि मूल अल्पवयीन असेल तर पालकांच्या संमतीशिवाय, धर्मशिक्षणाला किंवा उपासनेला बसवता येत नाही. ते बरोबरच आहे, प्रार्थना करा असं मी कुणाला म्हणतच नाही. पण गुरुपौर्णिमा का असते, रोजा का धरतात, बुद्धपौर्णिमेला तीन गोष्टी कोणत्या, हे आपण वर्गात सांगतो ना? मग कॅलेंडरमध्ये लाल रंगात गुड फ्रायडे दिसतो त्या दिवशी काय झालं आणि रविवारी काय झालं हे सांगितलं तर बिघडलं कुठं. उलट सांगितलं नाही म्हणूनच दरवर्षी शुक्रवारी सकाळी स्टाफच्या ग्रुपवर हॅप्पी गुड फ्रायडे, फुलांचा गुच्छ, हात जोडलेला इमोजी येतो आणि आम्ही दुपारी बारा ते तीन येशूच्या क्रुसावरच्या सात उद्गारांच्या उपासनेला उपाशीपोटी निघालेलो असतो. राग नाही येत, त्यांना कुणी सांगितलंच नाही तर ते तरी काय करणार.

शेवटी एक व्यवहाराचं. २०२५ला राज्याच्या वेळापत्रकात पहिली ते नववीची वार्षिक परीक्षा ८ ते २५ एप्रिल अशी ठरली होती आणि १८ला गुड फ्रायडे, २०ला ईस्टर, म्हणजे आमचा सगळा दुःखसहनाचा आठवडा परीक्षेतच गेला. सुट्टी कागदावर मिळते हो, पण गुरुवारी संध्याकाळी प्रभुभोजनाची उपासना आणि सकाळी मुलाचा पेपर, शनिवारी तपासायचे गठ्ठे, मग रविवारी पहाटे चारला घरातून कोण उठणार. पहाटेच्या फेरीत दहावीच्या खालची पोरं त्या वर्षी मला फारशी दिसली नाहीत. जास्त काही मागत नाही, त्या गुरुवारी आणि शनिवारी पेपर ठेवू नका आणि मास्तरांना ऑनलाइन माहिती भरायचं काम लावू नका, एवढं पुरे. तारीख आधी माहीत नव्हती असं तरी कुणी म्हणू नये, २०२७चा ईस्टर होळीच्या पौर्णिमेनंतरच्या रविवारी २८ मार्चला आहे, गुड फ्रायडे २६ला, आमच्या आठवीच्या पोरांनी फळ्यावर काढून दिलंय. आणि तुमच्या फोटोग्राफरला त्या दिवशी पहाटे साडेचारला नगरला पाठवा, चहा आमच्याकडे.

— एक गणित शिक्षक, अहिल्यानगर