शेवटची बोट आधी लिही

पुणे, १८ सप्टेंबर

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात तू आणि ईशा ग्रीसच्या क्रीट बेटाच्या दक्षिण किनाऱ्याने सॅक पाठीवर टाकून चालणार, हे कळलं. वेळ उत्तम निवडलीत. दुपारी वीस-बावीस अंश, समुद्राचं पाणीही जवळपास तेवढंच, आणि जुलै-ऑगस्टमध्ये उत्तरेकडून झोडपणारा मेल्टेमी वारा संपलेला. पण तू पाठवलेला बेत पहिल्या दिवसापासून पुढे आखलेला आहे. या दिवसांत तो शेवटच्या दिवसापासून मागे आखायचा असतो. हंगाम एका तारखेला संपत नाही. आधी किनाऱ्यावरची खानावळ बंद होते, मग बोटीच्या फेऱ्या कमी होतात, मग बोटीची वाट बघत थांबणारी बस थांबेनाशी होते. पायवाट तेवढी वर्षभर तशीच असते. तिच्याकडे बघून बेत केला की फसगत होते.

तेव्हा वहीत सगळ्यांत आधी परतीचं विमान लिही. जर्मनीहून हानियाला, म्हणजे क्रीटच्या उत्तर किनाऱ्यावरच्या शहराला, थेट जाणारी हंगामी विमानं ऑक्टोबरअखेर किंवा नोव्हेंबरच्या सुरुवातीला बंद होतात. त्यानंतर अथेन्समार्गे जावं लागतं आणि पैसे वाढतात. विमानाच्या आदल्या रात्री मुक्काम हानियातच हवा, दक्षिण किनाऱ्यावर अजिबात नको. त्याआधी होरा स्फाकिओनहून, म्हणजे चालीच्या शेवटच्या गावाहून, हानियाला येणारी बस लिही. आणि या दोन्हींच्या मध्ये एक अख्खा दिवस कोरा ठेव. तो वाऱ्याच्या नावाचा. लागला नाही तर पोहण्यात घालवा.

दिशा पश्चिमेकडून पूर्वेकडे ठेवा: हानियाहून बसने पालेओखोरा, तिथून चालत सूया, सूयाहून बोटीने आयिया रुमेली, मग चालत लूत्रो आणि होरा स्फाकिओन. पालेओखोरा, सूया आणि होरा स्फाकिओन या तीन गावांना डांबरी रस्ता आहे. आयिया रुमेली आणि लूत्रोला नाही. तिथे एकतर बोट, नाहीतर पाय. म्हणजे बिनरस्त्याची दोन्ही गावं मधे येतात आणि शेवट रस्त्यावर होतो. उलट दिशेने निघून सूयाची बोट सुटलीच नाही, तर तुम्ही आयिया रुमेलीत अडकता.

सूया ते आयिया रुमेली हा टप्पा चालायचा नाही. नकाशात तीही पायवाट दिसते, ई-४ या युरोपभर जाणाऱ्या लांब वाटेचाच तो भाग आहे. पण मधे गाव नाही, भरवशाचं पाणी नाही, वाट जागोजागी पुसट होते, फोनला रेंज नसते आणि ऑक्टोबरअखेरचा दिवस त्याला पुरत नाही. तिथे बोटच.

बोटीचं वेळापत्रक साधारण ऑक्टोबर संपेपर्यंत उन्हाळी असतं, त्यानंतर आठवड्यातून मोजक्या फेऱ्या. छापलेला कागद जूनचाही असू शकतो. आदल्या संध्याकाळी धक्क्यावरच्या तिकीट-खिडकीत विचारायचं आणि सकाळी निघण्याआधी पुन्हा विचारायचं. दोनदा विचारल्याचा तिथे कुणाला राग येत नाही. वाऱ्याचा जोर बोफर्ट मापात पाहा, ते ० ते १२ असतं. मोठ्या जहाजांनाही साधारण ८ ला बंदी येते, या किनाऱ्यावरच्या छोट्या बोटी त्याच्या आधीच थांबतात. पण आकड्यापेक्षा दिशा बघ. उत्तरेचा वारा असेल तर डोंगर आडवा येतो, समुद्र बराच शांत राहतो, फक्त घळींतून अचानक झोत येतात. दक्षिणेचा वारा थेट लिबियाच्या बाजूने मोकळ्या समुद्रावरून येतो, लाटा उचलतो, कधी सहाराची पिवळी धूळही आणतो. आयिया रुमेलीचा धक्का त्याला उघडा आहे. दोन दिवसांत दक्षिणेचा जोरदार वारा सांगितला असेल, तर तिथे जाऊच नका. सूयाहून बसने हानिया आणि तिथून दुसऱ्या बसने होरा स्फाकिओन. लांबचा फेरा आहे, पण दोन्ही टोकांना रस्ता आहे. लूत्रोचं बंदर मात्र भूशिराच्या आडोशाला आहे. संत पॉलला कैदी म्हणून रोमला नेणारं जहाज हिवाळ्यासाठी जिथे पोचायला धडपडत होतं ते फिनिक्स बंदर याच भूशिराशी मानतात. ते पोचलं नाही. तेव्हाही हंगाम उलटूनच गेला होता.

आता पाण्याचं, कारण सह्याद्रीची सवय इथे उलटी पडेल. आपल्याकडे ऑक्टोबर म्हणजे पावसानंतरचे दिवस, प्रत्येक गडावरचं टाकं भरलेलं. क्रीटमध्ये ऑक्टोबर म्हणजे पाच महिन्यांच्या कोरड्या उन्हाळ्याचं शेवटचं टोक. त्यात दगड चुनखडीचा, पाणी वर थांबतच नाही, थेट आत मुरतं. नकाशावरचा निळा धागा म्हणजे कोरडं पात्र समजायचं. दर डोई तीन लिटर गावातूनच भरून निघा. सूयाच्या अलीकडे लिसोसला झरा आहे, आयिया रुमेलीच्या पुढे सेंट पॉलच्या दगडी चॅपेलखाली पुळणीत गोडं पाणी झिरपतं, लूत्रोच्या पुढे ग्लिका नेराच्या पुळणीवर खड्यांत खड्डा केला तर मिळतं. ही पाणी वाढवण्याची ठिकाणं, मोजण्याची नव्हेत. चॅपेलजवळची आणि मार्मारा पुळणीवरची खानावळ उन्हाळ्यात चालू असते, त्या आठवड्यात बंदच आहे असं धरून चालायचं.

पालेओखोरा ते सूया पाच-सहा तास. सुरुवातीला किनाऱ्याने सोपं, मग एक चढ, मग खाली प्राचीन लिसोस. तिथे वैद्यकदेव अस्क्लेपिओसच्या मंदिराची रंगीत खड्यांची फरशी आहे, तासभर काढाच. पुढे छोट्या घळीतून थेट सूयाच्या बंदराला उतरता. आयिया रुमेली ते लूत्रोलाही पाच-सहा तास लागतात, पण हे जास्त दमवतात. चॅपेलपर्यंत वाळू आणि खडे पाय ओढतात, मग पाइनच्या झाडीतून चढ, मग मार्माराशी आरादेना घळीचं तोंड. मार्माराच्या पुढची खडकातली वाट अरुंद आहे. सॅकच्या बाहेर चटई आडवी बांधली असेल तर खडकाला अडकून तोल जातो. चटई उभी बांधा, किंवा नेऊच नका. लूत्रो ते होरा स्फाकिओन दोन-अडीच तास, यातही ग्लिका नेराच्या पुढचा कड्यात कोरलेला तुकडा पावसानंतर टाळायचा. वाटेवर काळ्या-पिवळ्या खुणा आहेत. वीस मिनिटं खूण दिसली नाही तर पुढे न जाता मागच्या खुणेपर्यंत या, कारण बकऱ्यांच्या वाटा माणसांच्या वाटेइतक्याच ठळक असतात. वरून बारीक खडे आले तर आधी वर बघा, बकरी असते आणि तिच्या मागून दुसरी येते. वाटेतलं तारेचं फाटक बंद सापडलं तर पुन्हा बंद करूनच पुढे जा.

त्याच आठवड्यात घड्याळ बदलतं. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पहाटे काटे एक तास मागे जातात; आदल्या दिवशी साडेसहाच्या सुमारास मावळणारा सूर्य दुसऱ्या दिवशी साडेपाचलाच जातो. चालायला सकाळी सातला निघा, चारच्या आत गावात पोचायचं असं धरा. डोक्यावरचा टॉर्च दोघींकडे वेगवेगळा हवा. २८ ऑक्टोबर राष्ट्रीय सुट्टी, तेव्हा बस सुट्टीच्या वेळापत्रकाने धावतात. सरकारी संग्रहालयं त्या दिवशी फुकट असतात. हानियाचं पुरातत्त्व संग्रहालय तेव्हाच उरका.

सामारिया घळ तुम्हाला खुणावणारच. ओमालोसच्या पठारावर झिलोस्कालो या ठिकाणी साधारण १,२३० मीटरवर सुरुवात, १६ किलोमीटर उतरून आयिया रुमेली. उद्यान बहुतेक वर्षी ३१ ऑक्टोबरला बंद होतं, आणि पाऊस पडला तर मधल्या कुठल्याही दिवशी. तिकीट टाकून देऊ नका, खाली परत तपासतात. आत कुणी राहिलं नाही ना हे त्यावरून कळतं. पहिल्या तीनेक किलोमीटरांत उतार सगळ्यांत तीव्र आहे, आणि गुडघे खालच्या सपाटीवर नाही तर तिथेच जातात. बुटाची नाडी घोट्याशी घट्ट बांधा, नाहीतर अंगठ्याची नखं काळी होतात. बंद असेल तर इम्ब्रोस घळ करा: आठेक किलोमीटर, सर्वांत अरुंद जागी जेमतेम दीड-पावणेदोन मीटर रुंद, आणि होरा स्फाकिओनची बस इम्ब्रोस गावातूनच जाते. कुठल्याही घळीला एक नियम: जोराचा पाऊस झाला त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी आत शिरायचं नाही. किनाऱ्यावर ऊन असतं आणि वर श्वेत पर्वतात, जिथे पाख्नेस शिखर २,४५३ मीटर आहे, ढग फुटलेला असतो. ते पाणी घळीतूनच खाली येतं.

सॅक आठ किलोच्या वर जाऊ देऊ नको. चुनखडी करवतीसारखी धारदार असते, म्हणून कडक तळव्याचे बूट. खड्यांच्या पुळणीसाठी पट्ट्याच्या चपला. एक पावसाळी जॅकेट, एक उबदार थर, सगळं आत प्लास्टिकच्या मोठ्या पिशवीत. तंबू नको. उघड्यावर मुक्काम तिथे बेकायदा आहे, दंड होतो. आणि ऑक्टोबरअखेरपर्यंत वणव्याचा काळ धरतात, रानात आग पेटवायची नाही. खोल्या रिकाम्याच असतात, दोघींना मिळून चाळीस-पन्नास युरोत चांगली मिळते. आधी पैसे भरू नका, जाऊन बघा आणि भाव विचारा. जास्त दिवस राहणार असाल तर मालकीण स्वतःच कमी करते. राहण्याचा सरकारी कर वेगळा असतो, तो भाड्यात धरला आहे का ते विचारा. नोव्हेंबरपासून तो बराच कमी होतो. रोख पैसे हानियातून काढून घ्या, लहान गावातल्या एकुलत्या यंत्रावर अवलंबून राहू नका.

जेवणाची काळजी नाही. उकडलेला रानपाला ऑलिव्ह तेल-लिंबू घालून, फाव्हा म्हणजे पिवळ्या डाळीचं घट्ट वरणच, भाजलेले मोठे पावटे, आणि जवाच्या कडक पावावर टोमॅटो-चीज घातलेला दाकोस. ईशा शाकाहारी आहे, तेव्हा द्राक्षाच्या पानांचे दोल्मादेस मागवताना आत खिमा नाही ना हे विचारा. चालण्याच्या दिवशी पाव, ग्राविएरा चीज आणि सुकी अंजिरं आदल्या संध्याकाळीच घ्या. सकाळी दुकान उघडेल याची खात्री नाही. त्या दिवसांत द्राक्षाच्या चोथ्यापासून राकी गाळतात आणि जेवणानंतर छोटा पेला न मागता समोर ठेवतात. तो दारूच असतो, पाण्यासारखा दिसतो एवढंच. दुसऱ्या दिवशी चाल असेल तर एकावर थांबा. ऑलिव्हची तोडणीही सुरू व्हायला लागते. झाडाखाली पसरलेल्या जाळ्यांवर पाय देऊ नका.

पासपोर्ट आणि जर्मनीचं निवासपत्र दोन्ही जवळ ठेव, एकट्या कार्डावर निघू नको. अडचणीचा क्रमांक ११२. रोज निघताना खोलीच्या मालकिणीला कुठल्या गावी जाताय ते सांगा, आणि मला पोचल्यावर एक ओळ टाक. रेंज नसेल तर रात्री उशिरा चालेल, पण टाक.

तुझी आई

ता. क. खोल्यांत पाणी छपरावरच्या सौर टाकीतून येतं. दोन दिवस ढग राहिले की गार. खोली घेतानाच विजेच्या हीटरचं बटण कुठे आहे ते विचार, बहुधा दाराबाहेरच्या पेटीत असतं. आणि संडासात कागद टाकायचा नाही, नळ्या अरुंद आहेत, तुंबतात. बाजूला डबा ठेवलेला असतो.