व्हीटीच्या पोटात तुझा ताज

लालबाग, मुंबई
रविवार, रात्री उशिरा

प्रिय सुध्या,

१४ महिने तुला पत्र नाही. फोन आला की ‘नंतर बोलतो’ म्हणून ठेवत गेलो. तुला वाटलं असेल, मी मागच्या गणपतीतल्या बोलण्यावरून रुसलोय. ते नाही रे. तुझ्याशी बोलायचं म्हणजे एक गोष्ट कबूल करावी लागणार होती. तब्येत बरी. गुडघा आहे तसाच. माईच्या दुसऱ्या डोळ्याचंही झालं, आता पेपर वाचते.

तर सांगतो. तू आणलेला लेगोचा ताजमहाल मी मोडला.

२००८ चा हुकला म्हणून तू किती हळहळला होतास, आणि २०१७ मध्ये तो पुन्हा बाजारात आल्यावर आपले कपडे मागे ठेवून तो खोका बॅगेत घालून आणलास. ५,९२३ पीस. लॉकडाऊनमध्ये तात्या आणि मी तो पुरा केला. तांदूळ निवडावेत तसे तात्या ताटात पांढऱ्या विटा निवडत बसायचे. मिनार उभे राहिले तेव्हा म्हणाले, “छान आहे. पण आपली व्हीटी कर की.” १९९६ मध्ये स्टेशनचं नाव बदलून छत्रपती शिवाजी टर्मिनस झालं, २०१७ मध्ये त्याला ‘महाराज’ जोडलं, आणि त्याबद्दल त्यांना अभिमानच होता, पण ३१ वर्षं ज्या ठिकाणी हजेरी लावली तिला ते व्हीटीच म्हणत राहिले. त्यांच्या वर्षश्राद्धानंतरच्या रविवारी मी ताज उतरवला.

व्हीटीचा नकाशा आपणच काढायचा. बाहेरून दिसणाऱ्या विटा बदामी हव्यात आणि त्या सुट्या घेतल्या तर फार महाग पडतात. आत मात्र कुठलाही रंग चालतो. म्हणून तुझा ताज सगळा आत गेला. कमानींच्या मागे, जिन्याखाली, भिंतींच्या गाभ्यात. एकही पीस फेकलेला नाही, हे आधी ऐक आणि मग काय बोलायचं ते बोल.

आता घुमट. व्हीटीचा आराखडा काढणाऱ्या स्टीव्हन्सचा घुमट अष्टकोनी, आणि या विटांवरची जोडायची बटणं सरळ रांगेत, ८ मिलिमीटरवर एक. तिरकी भिंत त्या रांगांत बसतच नाही. ५ बटणं आडवी, ५ उभी मोजली तर तिरपी लांबी ७.०७ येते. सातची भिंत लावली की अर्ध्या मिलिमीटरहून थोडी जास्त फट राहते. ओढून जोडली तर समोरचा कोपरा सुटतो. सहा वेळा सुटला. १२ आणि १२ घेतले तर १६.९७, म्हणजे सतराला जवळजवळ नेमकं, सुरेख बसतं. पण मग एकटा घुमटच १२, १७ आणि १२ मिळून ४१ बटणांचा, ३२.८ सेंटिमीटर होतो, आणि त्या मापात उत्तरेची बाजू माईच्या पलंगावरून जाऊन मोरीत उतरते.

म्हणजे मोठा घुमट केला तर उत्तरेची बाजू सोडायची. आणि उत्तरेला काय आहे ते तुला सांगायला नको. स्टार चेंबर, तात्यांचं तिकीटघर. इटलीचा संगमरवर, आपला घोटलेला निळा दगड, ज्यावरून तू चड्डीवर घसरत गेला होतास आणि तिकिटाच्या खिडकीआडून तात्यांनी डोळे वटारले होते. ती खिडकी सोडून व्हीटी करायची? मग कशाला करायची? चार महिने मी त्यातच अडकलो होतो. रात्री दिवा लावून नुसता बसायचो. माई विचारायची, काय झालं, मी म्हणायचो, काही नाही.

आज संध्याकाळी समोरच्या फुटपाथवर गेलो, महापालिकेच्या बाजूला. (तीही स्टीव्हन्सचीच, १८९३ ची. तात्या हे दरवेळी सांगायचे.) तिथून घुमटाकडे बघत उभा होतो आणि तुझा आवाज ऐकू आला. “बरगड्या लाव, अंत्या!”

नववीतला गणपती. थर्माकोलची व्हीटी. आठ पाकळ्यांच्या सांध्यांवर वरून पट्ट्या लाव म्हणून तू दोन दिवस भांडलास आणि मी म्हणालो, ती लबाडी आहे, फटी लपवायच्या नाहीत. पहिल्या आरतीला घुमट नैवेद्यात पडला. उभा राहिला तो फक्त तुझा फाटकावरचा वाघ, ज्याला मांजर समजून परबमावशीने दूध ठेवलं. त्यानंतर दिवाळीपर्यंत आपण बोललो नव्हतो.

सुध्या, खऱ्या घुमटाला बरगड्या आहेत. दगडी, प्रत्येक कोपऱ्यावर एक. रोज बघून मला त्या कधी दिसल्या नाहीत. घरी आलो, सातचीच भिंत घेतली, एका टोकाला बिजागरीने अडकवली, दुसरं टोक मोकळं सोडलं, आणि फटीवरून बरगडी चढवली. आठही बाजू. घुमट १३.६ सेंटिमीटरचा, हाताने हलवून पाहिला, सुटत नाही. उत्तरेची बाजू भिंतीपर्यंत नीट येते. तिकिटाच्या खिडकीसाठी तीन बटणांची जागा आहे.

भांडण तू जिंकलास. तेव्हा मी चूक होतो, आणि तात्यांनीही त्या दिवशी तुझीच बाजू घेतली होती, म्हणून मी जास्त चिडलो होतो. हे तुला कधी सांगितलं नव्हतं.

मिनूच्या लग्नाची तारीख कळव, रजा टाकतो. नवं घर मिळालं का? वहिनींना नमस्कार सांग.

घुमटावरची प्रगतीची बाई, तो पुतळा, अजून बसवलेली नाही. उजव्या हातात मशाल, डाव्या हातात चाक. ती तू बसव, डिसेंबरात आलास की. आणि येताना बदामी रंगाच्या उतरत्या विटा मिळाल्या तर आण, ४० तरी. छपराचं मागचं अंग अजून उघडं आहे, आत तुझा ताज दिसतो.

तुझा,
अंत्या