वेंडेलिन ग्रिमचा घास

मिनेसोटा

तीर्थरूप आप्पांस साष्टांग नमस्कार.

आपला लसूणघास तिसऱ्या वर्षी विरळ होतो आणि दर खेपेला नवं बी विकत घ्यावं लागतं, असं तुम्ही फोनवर म्हणालात. इथल्या एका जर्मन शेतकऱ्याची हकिगत म्हणूनच कळवतो.

वेंडेलिन ग्रिम बाडेनमधल्या क्युल्सहाइमचा. १८५७ साली तो कुटुंबासह इथल्या कार्व्हर परगण्यात आला, तेव्हा सामानात सात-आठ किलो घासाचं बी होतं. पुढच्या वसंतात त्यानं ते पेरलं. इथं पारा उणे तीसपर्यंत उतरतो. बराच घास मेला. जी झाडं वाचली त्यांचं बी धरून त्यानं तेच पुन्हा पेरलं, आणि वर्षानुवर्षं हेच चालू ठेवलं. हळूहळू मर थांबली.

नुसत्या थंडीनं घास मरत नाही. पाणी साचलेली जमीन गोठली की फुगते, मुळाला वर उचलते आणि सोटमूळ तुटतं. वर बर्फाचा पापुद्रा धरला तर झाड गुदमरतं. तिसरी चूक माणसाची: कडक थंडीच्या तोंडावर कापणी केली की मुळातला साठा नव्या फुटव्यात खर्ची पडतो. त्यामुळं इथं पहिल्या कडक हिमाआधी चार ते सहा आठवडे विळा लावत नाहीत.

ग्रिमच्या बियाण्यात पिवळ्या फुलाच्या रानटी घासाचं रक्त होतं. त्याचा बुडखा जमिनीत खोल बसतो आणि तो थंडीआधी लवकर निजतो. किलोभर बियाण्यात चार-साडेचार लाख दाणे. घास परपरागी, म्हणजे एका झाडाचं फूल दुसऱ्या झाडाच्या परागानं फळतं, म्हणून प्रत्येक दाणा वेगळा. माझ्या मते हे रक्त नसतं तर ग्रिमच्या चिकाटीलाही यश आलं नसतं. निवडायला मुळात काही तरी असावं लागतं.

ग्रिम १८९० साली वारला. १९०० च्या सुमारास शेजारच्या लायमन नावाच्या शिक्षकानं मिनेसोटा विद्यापीठातल्या प्राध्यापक हेज यांच्या कानावर हा घास घातला, आणि मग त्याला ग्रिमचं नाव मिळालं. पुढं जिवाणूजन्य मर रोगानं हा वाण मागं पडला. निवड थंडीसाठी झाली होती, रोगासाठी नाही.

आप्पा, आपल्याकडं थंडीचा प्रश्न नाही, पण रीत तीच. तिसऱ्या वर्षीही जिथं घास दाट आहे, तो गुंठाभर तुकडा बियाण्याला सोडा. एकदोन झाडांवर भागवू नका, निदान पन्नास-शंभर झाडांचं बी एकत्र घ्या, नाहीतर पुढची पिढी खुरटते. आधी घासावर पोसणारी अमरवेल जिथं लागली असेल, ती झाडं तिच्यासकट उपटून जाळा. फुलोऱ्यात पाणी बेताचं द्या. जास्त झालं की पाला माजतो आणि बी धरत नाही. तेव्हा फवारणीही नको. घासाचं मिटलेलं फूल मुख्यतः मधमाश्याच उघडतात, त्याशिवाय शेंग नीट भरत नाही. गोगलगायीसारख्या वळलेल्या शेंगा बहुतेक तपकिरी झाल्या की सकाळच्या दवात कापा, म्हणजे दाणे गळत नाहीत.

पेरण्याआधी दहा लिटर पाण्यात दोनशे ग्रॅम मीठ विरघळवून बी त्यात टाका. अमरवेलीचं हलकं बी तरंगेल, ते काढून उरलेलं दोनदा स्वच्छ पाण्यानं धुवा. पेरणी मात्र दुसऱ्या वावरात करा. जुन्या घासाच्या मुळा-पाल्यातून उतरलेली द्रव्यं त्याच जागी नवं रोप नीट वाढू देत नाहीत.

आईला नमस्कार. बी धरलं की दाण्यांचा रंग कळवा, पिवळसर टपोरे आले की सुरकुतलेले तांबूस.

तुमचा,
धाकटा