जोडीने सायकलवर लांब निघताना

मा. संपादक,

जुने रेल्वेमार्ग आणि कालव्यांचे काठ यांवर केलेल्या सायकलवाटांवरून नवरा-बायकोने जोडीने आठवडाभराचा प्रवास केल्याची वर्णने आता पुरवण्यांतून नेहमी वाचायला मिळतात. ती वाचून अनेकांना निघावेसे वाटते, हे चांगलेच आहे. पण त्यांत एकूण अंतर असते आणि छायाचित्रे असतात. वाट कशाची आहे, पाणी कुठे मिळते आणि दोघांची ताकद सारखी नसेल तर काय करायचे, हे क्वचितच लिहिलेले असते. प्रवास अर्ध्यावर सुटतो तो मात्र बहुधा याच गोष्टींपायी, म्हणून थोडे तपशिलात लिहीत आहोत.

अमेरिकेतल्या पिट्सबर्ग ते वॉशिंग्टन या वाटेचे उदाहरण घ्या. पिट्सबर्ग ते कंबरलंड हा सुमारे २४० किलोमीटरचा ‘ग्रेट अलेगेनी पॅसेज’ जुन्या रेल्वेमार्गावर आहे. वाफेच्या इंजिनाला उभा चढ झेपत नसे, म्हणून अशा वाटा मंद चढाच्या असतात. पिट्सबर्गकडून निघाले तर डोंगरमाथ्यापर्यंतच्या सुमारे २०० किलोमीटरांत चढ जेमतेम जाणवतो. तोच माथा कंबरलंडकडून गाठायचा तर ३८ किलोमीटरांत सुमारे ५४० मीटर चढावे लागते आणि चढ पावणेदोन टक्क्यांपर्यंत जातो. आकडा किरकोळ दिसतो, पण सामान लादलेल्या सायकलवर तीन तास पायांना उसंत मिळत नाही. कोणत्या टोकाकडून निघायचे हे दोघांपैकी लवकर दमणाऱ्याकडे पाहून ठरवावे. माथ्याजवळचा सुमारे एक किलोमीटरचा बिग सॅव्हेज बोगदा हिवाळ्यात बंद असतो, तेही आधी पाहून घ्यावे.

कंबरलंडच्या पुढे वॉशिंग्टनपर्यंतचे सुमारे २९७ किलोमीटर ‘चेसापीक अँड ओहायो’ कालव्याच्या काठाने जातात. खेचरांनी नावा ओढाव्यात म्हणून बांधलेली ही वाट. सबंध अंतरात उतार फक्त १८४ मीटरचा, तोही ७४ लॉकमध्ये (नावा एका पातळीवरून दुसरीवर नेणारे, दारांचे पाण्याचे कप्पे) विभागलेला, म्हणजे नकाशावर ही वाट अगदी सोपी. पण पृष्ठभाग बराचसा मातीचा आहे. कोरड्यात ताशी १६ किलोमीटरने जाणारी सायकल पावसानंतर १० वर येते. ६५ किलोमीटरचा टप्पा चार तासांऐवजी साडेसहा तास घेतो. चिकणमाती टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये घट्ट बसते आणि चाक फिरेनासे होते. मडगार्ड ठेवायचेच असेल तर टायरपासून किमान बोटभर मोकळी जागा हवी. हॅनकॉक गावाच्या दोन्ही बाजूंना याच काठाला समांतर असा ‘वेस्टर्न मेरिलंड रेल ट्रेल’ आहे, सुमारे ४५ किलोमीटर आणि पक्का. चिखलाच्या दिवशी सरळ त्यावर जावे. काठावरच्या, पायी किंवा सायकलने येणाऱ्यांसाठीच्या तंबूच्या जागा मोफत आहेत आणि तिथे हातपंप असतात. पण थंडीत त्यांचे दांडे काढून ठेवतात, आणि पाण्याची तपासणी नापास झाली तर पंप बंद राहतो. माणशी तीन लिटर पाणी नेण्याची सोय आणि एक फिल्टर बरोबर असावा. पॉ पॉ बोगद्यात सायकल हाताने चालवत न्यायची असते. अरुंद आणि अंधारा आहे, डोक्याला बांधायची बॅटरी सामानात सर्वांत वर ठेवावी.

आता जोडीविषयी. लवकर दमणाऱ्याने पुढे राहावे, म्हणजे वेग आपोआप बरोबर ठरतो. मागून ओढत आणल्यासारखे दिवसभर चालवले की दुसऱ्या दिवशी त्या माणसाचे पाय उठत नाहीत. सामान अर्धे-अर्धे वाटून घेण्याचा न्याय इथे चालत नाही. तंबू, स्टोव्ह, हत्यारे यांतले चार-पाच किलो ताकदवान माणसाकडे गेले की चढावर आणि अशा वाटांवर पसरलेल्या खडीच्या चुऱ्यावर दोघांचा वेग जवळ येतो. सपाट पक्क्या वाटेवर मात्र वजनाचा फरक थोडा आणि वाऱ्याचा फार. तिथे समोरून वारा असेल तर ताकदवान माणसाने पुढे जाऊन आडोसा द्यावा, दर दहा-पंधरा मिनिटांनी मागे पाहावे. ओल्या चुऱ्यावर मात्र कुणी कुणाच्या चाकाला चिकटून चालवू नये; पुढच्या चाकाचा सगळा राडा मागच्याच्या डोळ्यांत आणि चेनवर येतो.

हत्यारांची पिशवी नेहमी मागे राहणाऱ्याकडे असावी. पुढचा थांबून वाट पाहू शकतो. मागच्याचे पंक्चर झाले आणि पंप पुढे पाच किलोमीटर गेला असेल तर मागच्याने काय करायचे? म्हणून पंप जमल्यास प्रत्येकाकडे, आणि ट्यूब, पाणी, पावसाळी जाकीट, थोडे खाणे आणि फोन हे तर प्रत्येकाचे आपापलेच. निघण्यापूर्वी दोन्ही सायकली शेजारी उभ्या करून तीन गोष्टी जुळतात का ते पाहा: चाकाचा आकार, व्हॉल्व्हचा प्रकार आणि चेन किती गिअरची आहे ते. जुळल्या तर सुटे भाग निम्म्यावर येतात. नऊ गिअरच्या चेनचा क्विक लिंक, म्हणजे चेन जोडायची सुटी कडी, अकरा गिअरच्या चेनला बसत नाही, तिथे दोन्ही न्यावे लागतात. मागचा डिरेलर, म्हणजे गिअर बदलताना चेन सरकवणारा भाग, ज्या छोट्या पट्टीवर बसतो तो हँगर प्रत्येक मॉडेलचा वेगळा असतो. सायकल त्या बाजूला आडवी पडली की तो वाकतो, आणि वाटेतल्या दुकानात नेमका तोच मिळेल याची खात्री नाही. दोन्ही सायकलींचा एकेक हँगर जवळ ठेवावा; वजन नगण्य असते.

टायर ४० मिलिमीटरच्या आसपासचे असावेत. हवेच्या बाबतीत हमखास चूक होते ती अशी की एकच पंप आणि एकच आकडा घेऊन दोन्ही सायकली सारख्याच भरल्या जातात. माणूस, सायकल आणि सामान मिळून १०० किलो भरत असेल तर ४० मिलिमीटरच्या मागच्या टायरला साधारण ४५ ते ५० पीएसआय (हवेच्या दाबाचे एकक, पंपावर लिहिलेले असते) ठीक, पुढच्याला त्याहून सात-आठ कमी. दुसऱ्याचे एकूण वजन ७५ किलो असेल तर त्याला प्रत्येक चाकात आठ-दहा पीएसआय आणखी कमी लागेल. जास्त हवा भरली की हलक्या माणसाची सायकल खडीवर उडत राहते आणि संध्याकाळी हाताची शेवटची दोन बोटे बधिर होतात. लोक मात्र हवा कमी करण्याऐवजी हातमोजे बदलत बसतात.

पंक्चर दोघांनाही काढता आले पाहिजे. ट्यूब बाहेर काढण्यापूर्वी व्हॉल्व्ह रिमवर कुठे होता त्याची टायरवर खूण करा. छिद्र सापडले की त्या खुणेवरून टायरमधली नेमकी जागा कळते. काटा किंवा तार तिथेच अडकलेली असते. ती न काढता नवी ट्यूब घातली की दहा मिनिटांत पुन्हा हवा जाते. बोट फिरवून शोधताना बोट कापते, कापडाचा तुकडा फिरवा, तो अडकतो. शेजारी-शेजारी दोन चिरा असतील तर काटा शोधू नका: हवा कमी होती आणि ट्यूब रिमवर चेपली गेली. छिद्र ट्यूबच्या आतल्या, म्हणजे रिमकडच्या बाजूला असेल तर रिमवरची, स्पोकची टोके झाकणारी पट्टी सरकली आहे. ट्यूब पॉलिश पेपरने तिची चमक जाईपर्यंत घासा, सोल्युशन पॅचहून मोठ्या जागेवर पातळ लावा आणि पाच मिनिटे सुकू द्या. ओले असतानाच पॅच चिकटवला की तो संध्याकाळपर्यंत सुटतो. घाई नेमकी इथेच होते, कारण दुसरा माणूस उभा असतो. त्याने तोवर टायर तपासावा. रात्री मुक्कामावर वापरलेली ट्यूब दुरुस्त करून ठेवायची, म्हणजे सकाळी पुन्हा सुटी ट्यूब तयार.

चुनखडीचा बारीक चुरा पावसात चेनवर चढतो आणि तेलाबरोबर त्याचा घासणारा लगदा होतो. त्यावर नुसते तेल ओतणे सर्वांत वाईट. आधी पाण्याने चुरा उतरवा, चेन पुसून कोरडी करा, मग प्रत्येक कडीच्या रोलरवर एक थेंब, पाच मिनिटांनी वरचे तेल पुसून टाका. दिवसाअखेरीस दोन सायकलींना मिळून वीस मिनिटे लागतात. असाच ओला चुरा ब्रेक पॅडही खातो. रेझिनचे, म्हणजे राळेने बांधलेले मऊ पॅड चिखलात फार लवकर झिजतात. एक जोडी जवळ असू द्या आणि मटेरियल एक मिलिमीटरवर आले की बदला. कॅरिअरचे बोल्ट खडीच्या हादऱ्यांनी सैल होतात, रोज सकाळी अॅलन कीने तपासावेत. दोन एम-५ (पाच मिलिमीटर जाडीचे) बोल्ट आणि चार-सहा झिप टाय यांनी बऱ्याच गोष्टी निभावतात.

बसण्याचा त्रास पहिल्या दोन-तीन दिवसांत होतो. पायडल सर्वांत खाली असताना गुडघा थोडा वाकलेला राहील इतकीच सीट उंच असावी. जास्त उंच असेल तर कंबर डावी-उजवीकडे हलते आणि जांघेत साली निघतात. पॅडच्या शॉर्टखाली अंतर्वस्त्र घालू नये, त्याची शिवणच घासते. तयारी म्हणून सलग दोन दिवस, पूर्ण सामान लावून, दोघांनी चालवून पाहावे. सीट योग्य आहे की नाही हे दुसऱ्या दिवशी कळते, पहिल्या नव्हे.

खाणे भूक लागण्याआधी, दर पाऊण तासाला. एक जण चिडचिडा किंवा गप्प झाला की आधी खायला द्यावे, चर्चा मागाहून. खडीवर दिवसाला ५० ते ६५ किलोमीटर धरावेत आणि पहिला दिवस ४० चा ठेवावा. चौथ्या दिवशी निम्मे अंतर ठेवले तर पुढचे दिवस सोपे जातात.

एक शेवटची तयारी निघण्यापूर्वीच करायची असते. वाट सोडून बाहेर पडता येईल अशी ठिकाणे, तिथून जवळचे स्टेशन आणि सायकल चढवता येईल अशी गाडी, हे सगळे कागदावर लिहून दोघांकडे एकेक प्रत ठेवावी. सायकलसाठीची जागा बऱ्याच गाड्यांत आधी आरक्षित करावी लागते आणि ती मोजकीच असते. दोन सायकलींना एकाच गाडीत जागा आहे का ते पाहावे. आणि एकाने थांबू म्हटले की थांबायचे, हे घरीच ठरवून घ्यावे. दमलेल्या अवस्थेत, पावसात उभे राहून ते ठरत नाही.

आपले,
दोन वाचक